‘परिणाम’ या शब्दाची जबाबदारी : सूक्ष्म-अर्थमितीचे पदव्युत्तर अध्यापन आणि सिंचनाचे दोन अभ्यास

बीजसंज्ञा : कार्यकारणभाव, सूक्ष्म-अर्थमिती, साधनचल, निवडदोष, सिंचन, पदव्युत्तर अध्यापन

प्रस्तावना

अर्थशास्त्र विषयात सादर होणाऱ्या प्रबंधिकांची व प्रकल्प अहवालांची शीर्षके पाहिली असता त्यांत एक ठरावीक साचा आढळतो. ‘अमुक योजनेचा लाभार्थ्यांच्या उत्पन्नावर झालेला परिणाम : एक चिकित्सक अभ्यास’ हा तो साचा होय. योजनेचे नाव बदलते, तालुका बदलतो, कालखंड बदलतो. परंतु ‘परिणाम’ हा शब्द बदलत नाही. हा शब्द उच्चारताच आपण एक मोठे विधान केलेले असते, याची जाणीव मात्र अहवालाच्या पहिल्या प्रकरणातही नसते आणि शेवटच्या प्रकरणातही नसते. शंभर लाभार्थी निवडले जातात, कधी त्यांच्या जोडीला शंभर बिगरलाभार्थी घेतले जातात, दोहोंच्या सरासरी उत्पन्नातील तफावत काढली जाते, काय-वर्ग कसोटी लावली जाते आणि ‘सदर योजनेचा अनुकूल परिणाम झालेला दिसून येतो’ या वाक्याने निष्कर्षाचे प्रकरण संपते.

प्रस्तुत लेखकाची एम.फिल.ची प्रबंधिका याच जातीची होती, हे येथे प्रारंभीच नमूद केलेले बरे. ठिबक सिंचनाच्या अनुदानाचा लाभ घेतलेले साठ शेतकरी आणि न घेतलेले साठ शेतकरी यांची तुलना त्या प्रबंधिकेत केली होती. लाभार्थ्यांचे उत्पन्न लक्षणीयरीत्या अधिक आढळले आणि ती सारी तफावत ठिबकच्या खात्यावर जमा करण्यात आली. ज्याच्या विहिरीला पाणी आहे, सातबारा ज्याच्या स्वतःच्या नावावर आहे आणि अनुदान हाती पडेपर्यंत संचाची रक्कम ज्याला पदरची घालता येते, तोच शेतकरी त्या यादीत येऊ शकत होता. म्हणजे ठिबकची पहिली नळी शेतात पडण्यापूर्वीच ते साठ शेतकरी उरलेल्या साठांहून सुस्थितीत होते. मौखिक परीक्षेत नमुना निवडीच्या सूत्राविषयी व सारणीच्या क्रमांकांविषयी प्रश्न विचारण्यात आले. हा प्रश्न कोणीही विचारला नाही. पुढे शिकवण्याची वेळ आली तेव्हा तो स्वतःला विचारावा लागला. (एम.फिल. ही पदवीच विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी बंद झाली. तो दोष मात्र त्या पदवीबरोबर बंद झालेला नाही.)

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत संशोधन पद्धती व संशोधन प्रकल्प यांना आता महत्त्वाचे स्थान मिळाले आहे. त्यामुळे पूर्वी एम.फिल.च्या टप्प्यावर होणारी चूक आता एम.ए.च्या टप्प्यावर आणि अधिक मोठ्या संख्येने होणार आहे. या पार्श्वभूमीवर प्रगत सूक्ष्म-अर्थमिती व कार्यकारण अनुमान हा विषय पदव्युत्तर वर्गात कसा शिकवला जातो, याची चिकित्सा येथे केली आहे. त्यासाठी सिंचनाच्या परिणामांचे दोन अभ्यास आधाराला घेतले आहेत. पहिला धनंजयराव गाडगीळ यांचा, गोदावरी व प्रवरा कालव्यांचा, गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४८ साली प्रसिद्ध केलेला; आणि दुसरा एस्थर डुफ्लो व रोहिणी पांडे यांचा भारतातील धरणांविषयीचा, २००७ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये आलेला.

जुना अभ्यासक्रम आणि नवा अभ्यासक्रम

दामोदर गुजराती यांच्या पाठ्यपुस्तकाने भारतातील अर्थमितीचे वर्ग कित्येक वर्षे सांभाळले आहेत, आणि त्याविषयी कृतज्ञताच असावयास हवी. परंतु त्या पुस्तकाच्या आधारे आपण जो अभ्यासक्रम उभा केला, त्यात न्यूनतम वर्ग पद्धतीची गृहीतके आणि त्या गृहीतकांच्या भंगाने होणारे ‘रोग’ यांचीच यादी प्रमुख झाली. बहुसहरेषीयता, विषमविचरणता, स्वसहसंबंध यांची लक्षणे, निदान व उपचार विद्यार्थी पाठ करतो. डर्बिन-वॉटसन कसोटीच्या वरच्या व खालच्या मर्यादा त्याला सांगता येतात. वास्तविक हे सारे रोग अंदाजाच्या अचूकतेचे आहेत. ज्या दोषाने अंदाजाचा अर्थच बदलतो, तो दोष, म्हणजे स्पष्टीकारक चल आणि त्रुटिपद यांचा परस्परसंबंध, अभ्यासक्रमाच्या शेवटच्या घटकात समकालिक समीकरणांच्या निमित्ताने येतो, आणि शेवटचा घटक बहुधा परीक्षेच्या तोंडावर घाईने उरकला जातो. तेथेही ‘ओळखक्षमता’ म्हणजे क्रम-अट आणि कोटी-अट एवढेच विद्यार्थ्याच्या हाती लागते. आज संशोधक जेव्हा एखाद्या अभ्यासाची ओळखक्षमता कशावर उभी आहे असे विचारतात, तेव्हा त्यांना समीकरणे मोजायची नसतात. वास्तवातील कोणत्या फरकाचा आधार घेऊन तुम्ही कारण वेगळे काढले, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असते.

एडवर्ड लीमर यांनी १९८३ साली अर्थमितीतील फसवेगिरीवर बोट ठेवले. जोशुआ अँग्रिस्ट व यॉर्न-स्टेफन पिश्के यांनी २०१० साली त्या टीकेनंतरच्या बदलाला विश्वासार्हतेची क्रांती असे नाव दिले. सूक्ष्म-अर्थमितीसाठी जेम्स हेकमन व डॅनियल मॅकफॅडन यांना २००० साली, क्षेत्रीय प्रयोगांसाठी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व मायकेल क्रेमर यांना २०१९ साली आणि नैसर्गिक प्रयोगांच्या अभ्यासासाठी डेव्हिड कार्ड, अँग्रिस्ट व ग्विडो इम्बेन्स यांना २०२१ साली नोबेल पारितोषिके मिळाली. वूल्ड्रिज (२००२), कॅमेरॉन व त्रिवेदी (२००५), अँग्रिस्ट व पिश्के (२००९) ही पुस्तके हळूहळू आपल्या संदर्भसूचीत आली. आर ही आज्ञावली विनामूल्य उपलब्ध असल्याने साधनांच्या अभावाची सबबही आता राहिलेली नाही.

तथापि नव्या अभ्यासक्रमाने जुन्या सवयीला नवे कपडे चढवले, असेच खेदाने म्हणावे लागते. पूर्वी रोगांची यादी होती, आता पद्धतींची यादी आहे. साधनचल, फरकातील फरक, खंडितता रचना, प्रवृत्ती-गुणांक जुळणी : प्रत्येकीची व्याख्या, सूत्र, गुण, मर्यादा आणि संगणकाला द्यावयाची आज्ञा. साधनचलाचेच उदाहरण घेऊ. त्याच्या दोन अटी आहेत. ते चल कारणाशी पुरेसे निगडित असावे ही पहिली, आणि त्या कारणाच्या वाटेवाचून अन्य कोणत्याही वाटेने त्याने फलावर प्रभाव टाकू नये ही दुसरी. पहिली अट संगणक तपासून देतो. एफ-मूल्य दहाहून अधिक असावे हा नियम विद्यार्थी तत्परतेने सांगतो. दुसरी अट एकच साधनचल हाती असताना कोणताही संगणक तपासू शकत नाही. ती तपासायची तर नदी, माती, जात, बाजार, राजकारण यांविषयी काही ठाऊक असावे लागते. वर्गातील बहुतांश वेळ आपण पहिल्या अटीला देतो, कारण तिचे उत्तर अंकात येते आणि ते तपासणेही सोपे जाते.

अन्यथासिद्ध

या विषयाच्या मुळाशी असलेली कल्पना अवघड नाही. जेर्झी नेमन यांनी १९२३ साली शेतीप्रयोगांच्या संदर्भात ती मांडली आणि डोनाल्ड रुबिन यांनी १९७४ साली तिचा विस्तार केला. एका शेतकऱ्याची दोन संभाव्य उत्पन्ने असतात, कालवा आल्यास होणारे आणि न आल्यास होणारे. या दोहोंतील वजाबाकी म्हणजे कालव्याचा परिणाम. त्यांपैकी एकच उत्पन्न कोणालाही कधीही दिसू शकते. दुसरे नेहमीच कल्पनेत राहते. पॉल हॉलंड यांनी १९८६ साली यालाच कार्यकारण अनुमानाची मूलभूत अडचण म्हटले. शेजारच्या गावातील शेतकरी हा त्या न दिसणाऱ्या उत्पन्नाच्या जागी उभा केलेला प्रतिनिधी असतो. तो प्रतिनिधी शोभतो की नाही, हा एकच प्रश्न सर्व पद्धतींच्या पोटात आहे.

आपल्या परंपरेत हा विचार अगदीच परका नाही. कुंभाराच्या घटाची कारणे सांगताना नैयायिकांनी माती वाहून आणणारे गाढव बाजूला काढले; ते घटापूर्वी हजर असले तरी ‘अन्यथासिद्ध’ होय, कारण नव्हे. धूर आणि अग्नी यांच्या चर्चेत त्यांनी ओल्या इंधनाला ‘उपाधी’ म्हटले. अग्नी आहे म्हणजे धूर असलाच पाहिजे असे नाही, इंधन ओले असेल तरच तो निघतो. दोहोंच्या दृश्य संबंधामागे दडलेली तिसरी गोष्ट शोधण्याची ही शिस्त आहे. नैयायिकांना संख्याशास्त्र ठाऊक होते असा दावा कोणी येथून काढू नये. तसले दावे अलीकडे फार स्वस्त झाले आहेत. मुद्दा अध्यापनाचा आहे. ‘वगळलेल्या चलामुळे येणारा कल’ या शब्दसमूहाने ज्या विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही, त्याला कुंभाराचे गाढव सांगितले की तो हसतो आणि पुढच्या क्षणी स्वतःच्या प्रकल्पातले गाढव शोधू लागतो. प्रस्तुत लेखकाच्या प्रबंधिकेतील गाढव विहीर हे होते.

१९४८ : गाडगीळांची तुलना

गाडगीळांच्या अहवालाचे शीर्षक सिंचनाच्या आर्थिक परिणामांविषयी आहे, आणि प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष अशा दोन्ही लाभांची मोजदाद हा त्याचा हेतू आहे. कालव्याखालील भाग आणि लगतचा जिरायत भाग यांची तुलना ही त्याची मुख्य रीत. शेतकऱ्याच्या पिकापुरते न थांबता मजुरी, व्यापार, वाहतूक यांपर्यंत सिंचनाचा लाभ कसा पोचतो हे पाहण्याची दृष्टी त्या काळात विरळच होती. आजच्या पदव्युत्तर वर्गात हा अहवाल क्वचितच वाचला जातो. एक तर तो जुना, दुसरे म्हणजे त्यात एकही प्रतिगमन समीकरण नाही. परंतु वाचला तर शिकण्यासारखे फार आहे, आणि त्यातील निम्मे त्या तुलनेच्या अडचणींतून शिकण्यासारखे आहे.

पहिली अडचण अशी की कालवा कोठे न्यावयाचा हे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते. १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर दख्खनच्या अवर्षणप्रवण पट्ट्याला संरक्षण देण्याचा विचार बळावला; १९०१-०३ च्या सिंचन आयोगाने त्याला चालना दिली. दारणा धरण, नांदूर-मधमेश्वरचा बंधारा व त्यावरून निघालेले गोदावरीचे डावे-उजवे कालवे, तसेच १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदरा धरण, ओझरचा बंधारा व प्रवरेचे कालवे हा त्याच धोरणाचा भाग. म्हणजे कालवा गरीब मुलखात आला. या बाजूने पाहता साधी तुलना त्याचा लाभ कमी दाखवील. परंतु त्या मुलखाच्या आत तो नदीकाठच्या सपाट, खोल काळ्या जमिनीवरून गेला. उंचवट्यावरची हलकी बरड जमीन वगळली गेली. या बाजूने पाहता तीच तुलना लाभ फुगवून दाखवील. दोन विरुद्ध दिशांचे निवडदोष एकाच कालव्यात आहेत आणि ते एकमेकांना नेमके छेदतात असे मानण्यास काहीही आधार नाही. निवडदोषाची दिशा विचारा, हा प्रश्न पाठ्यपुस्तकातील सूत्रापेक्षा या कालव्यावर अधिक चांगला शिकवता येतो.

दुसरी अडचण माणसांची. पाणी आले तसे उसाची शेती जाणणारे लोक बाहेरून आले. सासवडकडील माळी बागायतदारांनी नीरेपासून प्रवरेपर्यंतच्या कालव्यांवर जमिनी खंडाने घेतल्याचे सर्वश्रुत आहे. त्यामुळे कालव्याखालील गावातील सरासरी शेतकरी आणि शेजारच्या जिरायत गावातील सरासरी शेतकरी यांत पाण्याचाच नव्हे, तर भांडवल व कसब यांचाही फरक पडला. हा फरक सिंचनाचाच परिणाम मानावयाचा की नाही? गावाचा परिणाम मोजायचा असेल तर मानावा लागेल, मूळ रहिवाशाचा मोजायचा असेल तर मानता येणार नाही. प्रश्न नीट मांडल्याशिवाय त्याचे उत्तर मोजता येत नाही, हे विद्यार्थ्याला येथे उमगते.

तिसरी अडचण माझ्या मते सर्वांत बोधप्रद आहे. तुलनेसाठी घेतलेले जिरायत गाव कालव्यापासून अलिप्त नसतेच. उसाच्या तोडणीला, गुऱ्हाळांना व पुढे कारखान्यांना मजूर लागले, ते कोरडवाहू भागांतून आले. आजही पाथर्डी, आष्टी, बीडकडील कोयता दर हंगामात बाहेर पडतो. तेव्हा जिरायत गावाचे उत्पन्नही कालव्याने बदललेले असते, आणि त्या गावाला ‘कालवा नसता तर’ या स्थितीचा प्रतिनिधी म्हणणे चुकीचे ठरते. एका घटकावरील उपचाराचा परिणाम दुसऱ्या घटकावर होत नाही, हे जे गृहीतक आपण फळ्यावर एका ओळीत लिहितो आणि पुढे जातो, ते येथे मोडलेले दिसते. गाडगीळांनी अप्रत्यक्ष लाभांचा वेगळा विचार केला, यावरून हे झिरपणे त्यांच्या ध्यानात होते असे म्हणता येईल. ते तुलनेच्या बाजूने उलटते, हा मुद्दा मात्र त्या काळाच्या परिभाषेत मांडणे कठीण होते.

जाता जाता एक गोष्ट. सिंचनाचे लाभ मोजणारे गाडगीळ प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. अभ्यासक आणि अभ्यासविषय यांत अंतर असावे, या आजच्या संकेताच्या चौकटीत हे बसणार नाही. पण त्या तालुक्यातला कालवा कोणत्या जमिनीवरून जातो हे त्यांना कोणी सांगावे लागले नसेल, हेही तितकेच खरे.

२००७ : उताराचे साधनचल

डुफ्लो व पांडे यांनी प्रश्न त्याच जातीचा घेतला, मात्र पट देशभराचा आणि काळ १९७१ ते १९९९ असा. धरणे कोठे बांधली जातात हे संपन्नता, शेतीची क्षमता व राजकीय वजन यांवर ठरत असल्याने धरण असलेल्या व नसलेल्या जिल्ह्यांची सरळ तुलना त्यांनी नाकारली. त्याऐवजी त्यांनी नदीच्या उताराचा आधार घेतला. मध्यम उताराची नदी सिंचनाच्या धरणाला सोयीची असते, अगदी सपाट पात्राची नसते. फार तीव्र उतार जलविद्युत धरणाला मानवतो. नदीचा उतार मंत्र्याला विचारून ठरत नाही, हा या युक्तीचा प्राण आहे. उताराचा हा गुण राज्यातील धरणबांधणीच्या अपेक्षित गतीशी गुणून त्यांनी साधनचल तयार केले. जिल्ह्याची उंची व एकूण उतार यांचा स्वतंत्र हिशेब ठेवला, जेणेकरून डोंगराळपणाचा सर्वसाधारण प्रभाव धरणाच्या नावावर चढू नये.

निष्कर्ष लक्ष वेधून घेणारे होते. धरणाच्या खालच्या अंगाच्या जिल्ह्यांत शेती उत्पादन वाढले आणि दारिद्र्य घटले. ज्या जिल्ह्यात धरण बांधले, तेथे उत्पादनात लक्षणीय वाढ दिसली नाही आणि दारिद्र्य वाढले. कमी पावसाच्या वर्षाची झळ खालच्या जिल्ह्यांत सौम्य झाली, धरणाच्या जिल्ह्यात अधिक तीव्र झाली. देशात सर्वाधिक मोठी धरणे असलेल्या राज्यात हा लेख पदव्युत्तर वर्गात सक्तीने वाचला जावा, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. विस्थापितांच्या चळवळी जे सांगत होत्या, त्याला अंकांची भाषा मिळाली म्हणून तर तो वाचावाच. परंतु हे अंक कोठे ताणले जातात ते पाहण्यासाठीही वाचावा.

लेख वर्गात वाचत असताना मागच्या बाकावरून एक आक्षेप आला. विद्यार्थी अकोले तालुक्यातला होता. तो म्हणाला, “सर, धरण आमच्याकडं, पाणी खाली श्रीरामपूरला. पण जिल्हा तर एकच ना? मग आमचं नुकसान आणि त्यांचा फायदा एकाच सरासरीत जाणार की.” त्यानंतरचे दोन तास त्या एका वाक्यावर गेले आणि ते सत्कारणी लागले.

आक्षेप रास्त आहे. दारणा इगतपुरीत, बंधारा निफाडमध्ये आणि कालव्याचे पाणी कोपरगावात. येथे धरणाचा जिल्हा व लाभाचा जिल्हा वेगळे आहेत आणि लेखाची मांडणी या नकाशाला चपखल बसते. प्रवरेचे तसे नाही. भंडारदऱ्याचे पाणलोट व बुडीत क्षेत्र अकोल्यात, लाभक्षेत्र संगमनेर, राहाता, श्रीरामपुरात, आणि सारे तत्कालीन अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. मुळा धरणाचीही तीच कथा. धरण राहुरीत, पाणी राहुरी, नेवासे, शेवगावला. अशा जिल्ह्यात ‘स्वजिल्ह्यातील धरणाचा परिणाम’ हा झळ आणि लाभ यांची सरासरी असतो.

मग निष्कर्ष कोसळतो काय? वर्गाचे पहिले उत्तर ‘होय’ असे होते. परंतु थोडे थांबून दिशा विचारावी लागते. लाभार्थी तालुके स्वजिल्ह्यातच असतील तर सरासरी वर ओढली जाईल, म्हणजे धरणाच्या जिल्ह्यातील नुकसान असेल त्याहून कमी दिसेल. एवढे असूनही लेखात दारिद्र्य वाढलेले दिसते. तेव्हा हा आक्षेप निष्कर्षाला पाडत नाही, उलट अकोल्याची झळ छापलेल्या अंकाहून मोठी असण्याची शक्यता दाखवतो. दुसऱ्या एका विद्यार्थिनीने आणखी नेमका मुद्दा काढला. भंडारदरा १९२६ सालचे, लेख १९७१ नंतरचा. हे धरण प्रत्येक वर्षी सारखेच हजर असल्याने जिल्ह्याच्या स्थिर प्रभावात ते विरघळून जाईल आणि अंदाजात त्याचा वाटा राहणार नाही. मुळा धरण त्या कालखंडाच्या तोंडावरचे असल्याने त्याचा विचार निराळा करावा लागेल. स्थिर प्रभाव म्हणजे काय हे तीन वर्षे सूत्राने शिकवून जे साधले नव्हते, ते भंडारदऱ्याने एका तासात साधले.

याहून गंभीर मर्यादा दोन आहेत. एक म्हणजे साधनचलाने मिळणारा परिणाम सर्व धरणांचा नसतो. इम्बेन्स व अँग्रिस्ट यांनी १९९४ साली दाखविल्याप्रमाणे, साधनचलाच्या हालचालीमुळे ज्यांची स्थिती बदलते त्यांच्यापुरताच तो असतो. उतार सोयीचा म्हणून झालेली धरणे येथे बोलतात. उतार कसाही असो, वजनदार पुढाऱ्याच्या आग्रहास्तव झालेली धरणे या अंदाजात मूक राहतात, आणि आपल्याकडील वादाचा विषय बहुतेक वेळा तीच असतात.

दुसरी मर्यादा ‘धरण’ या एककाची. नोंदवहीतील मोठे धरण म्हणजे पंधरा मीटर वा त्याहून उंच बांध, किंवा काही अटींवर त्याहून ठेंगणा. पण बांध म्हणजे पाणी नव्हे. निळवंडे प्रकल्पाला १९७० साली मान्यता मिळाली; भिंत उभी राहून पाणी अडल्यानंतरही कालव्यांची वाट पाहण्यात वर्षे गेली आणि डाव्या कालव्याचे लोकार्पण ऑक्टोबर २०२३ मध्ये झाले. मधल्या काळात धरणांच्या यादीत निळवंडे मोजायचे की नाही? मोजले तर बुडिताची झळ पूर्ण आणि लाभ शून्य. ज्या जिल्ह्यात धरणे झाली आणि कालवे रखडले, तेथे ‘धरणाने दारिद्र्य वाढवले’ या वाक्यातील कर्ता धरण आहे की न आलेला कालवा, हे उताराचे साधनचल सांगू शकत नाही. लेखिकांना दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. देशव्यापी जिल्हानिहाय सामग्रीतून याहून बारीक उत्तर निघणे कठीण होते. पण धोरणाच्या दृष्टीने ही दोन उत्तरे परस्परांहून पूर्ण भिन्न आहेत.

गणिताची सबब

ज्येष्ठ सहकाऱ्यांचा एक आक्षेप नेहमी ऐकू येतो : आपल्या विद्यार्थ्यांचे गणित कच्चे, मराठी माध्यमातून आलेले, त्यांना प्रगत सूक्ष्म-अर्थमिती पेलणार कशी? यात तथ्य आहे, पण अर्धेच. प्रमाणत्रुटींचे गुच्छीकरण, अप्राचलिक अंदाज, किंवा टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या योजनांत फरकातील फरकाची पद्धत का फसते, हा गेल्या काही वर्षांतील गुडमन-बेकन (२०२१) आदींचा विचार, यांना गणित लागते आणि ते टाळून चालणार नाही. परंतु वर ज्या चर्चा नोंदवल्या त्यांत सरासरी व वजाबाकी यांपलीकडे काय होते? गणित पक्के असलेला विद्यार्थी पहिली अट तपासतो, तालुका ठाऊक असलेला विद्यार्थी दुसरी. आपण पहिल्याला प्रथम श्रेणी देतो आणि दुसऱ्याला ‘विषयांतर करू नको’ असे सांगतो.

परिभाषेचा प्रश्न मात्र खरा आहे. मराठीत ‘परिणाम’ हा एकच शब्द फल, निष्पत्ती आणि कार्यकारण प्रभाव अशा तिन्ही अर्थांनी वापरला जातो. ‘संबंध’ म्हणून जे मोजले ते दोन पानांनंतर ‘परिणाम’ होऊन बसते आणि वाक्य खटकत नाही. प्रस्तुत लेखक आता प्रकल्पाचे शीर्षक मंजूर करताना एक अट घालतो. ‘परिणाम’ हा शब्द हवा असेल तर न दिसणाऱ्या स्थितीचा प्रतिनिधी कोण, हे पहिल्या पानावर एका परिच्छेदात लिहावे. ते जमत नसेल तर ‘तुलना’ लिहावे. ‘तुलना’ हा कमीपणाचा शब्द नाही. या अटीमुळे गेल्या दोन वर्षांत बहुतेक शीर्षके बदलली, आणि काही विद्यार्थी दुसऱ्या मार्गदर्शकाकडे गेले.

निळवंड्याचा कालवा

सध्या दोन विद्यार्थ्यांचा प्रकल्प निळवंड्याच्या कालव्यावर चालू आहे. सात तालुक्यांतील १८२ गावांना लाभ देण्याचे उद्दिष्ट असलेला हा प्रकल्प आहे. सहा तालुके अहिल्यानगरचे, सिन्नर नाशिकचा. पाणी सर्व गावांना एकाच दिवशी पोचणारे नाही. तेव्हा आधी पाणी मिळालेली गावे आणि अद्याप वाट पाहणारी गावे यांची, पाणी येण्यापूर्वीच्या व नंतरच्या पीकपद्धतीवरून तुलना करता येईल, असा त्यांचा आराखडा आहे. पूर्वीची स्थिती कळण्यासाठी गाव नमुना बारामधील पिकांच्या नोंदी आणि २०२१ पासूनची ई-पीक पाहणी आहे. पाणी आले नसते तर दोन्ही गटांतील गावे समांतर चालली असती, हे या पद्धतीचे मुख्य गृहीतक.

पहिल्याच आठवड्यात ते गृहीतक अडचणीत आले. कालवा येणार हे पन्नास वर्षे ठाऊक असल्याने त्याच्या आखणीलगतच्या जमिनींचे व्यवहार कधीचेच झाले आहेत. काहींनी पाण्याच्या भरवशावर डाळिंबाची लागवड केली, काहींनी वाट पाहून शेततळी खोदली. म्हणजे परिणाम कारणाच्या आधी सुरू झाला. शिवाय मुखाकडची गावे आणि शेपटाकडची गावे यांत अंतराखेरीज पावसाचाही फरक आहे. विद्यार्थ्यांनी विचारले की अशा वेळी कोणती गावे घ्यावीत. कालव्याच्या आखणीच्या अगदी लगत, परंतु चढाच्या बाजूला राहिल्याने जिथे पाणी चढणार नाही अशी गावे आणि त्यांच्या समोरची उताराच्या बाजूची गावे, अशा जोड्या करून पाहाव्यात, असे तूर्त ठरले आहे. वरच्या बाजूचे शेतकरी उपसा करून पाणी चढवतात की नाही, हे पाहण्यासाठी दोघे येत्या रविवारी संगमनेरकडे जाणार आहेत.